रोज की बॅग: बहु-एजंट प्रणालीत रीत आणि विश्वास कसे मांडावेत

मराठवाड्यात सोयाबीनची काढणी साऱ्या शिवारावर एकदमच येते. सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरभर परतीचा पाऊस कधी गाठेल याचा नेम नसतो, काढणीच्या टोळ्या भाव वाढवून बसतात, आणि ज्यांना गुत्ते परवडत नाही अशी घरे सावड करतात: आज आमची माणसे तुमच्या रानात, परवा तुमची आमच्या रानात. या देवघेवीत दोन प्रश्न असतात. केलेले काम मोजायचे कशाने, माणसांच्या रोजांनी की पेरलेल्या बियाण्याच्या बॅगांनी? (हेक्टरी 75 किलो बियाण्याच्या शिफारशीप्रमाणे 30 किलोची एक बॅग साधारण एका एकराला लागते, म्हणून आपल्याकडे रानही बॅगांत सांगितले जाते.) आणि आज ज्यांच्या रानात आपण राबलो, ते परवा फेड करायला येतील का?

पहिला प्रश्न रीतीचा आहे, दुसरा विश्वासाचा. स्वतःपुरता निर्णय घेणारे अनेक एजंट जिथे एकत्र काम करतात अशा प्रत्येक संगणकीय प्रणालीत हे दोन्ही उभे राहतात, मग ते एजंट गोदामातले यंत्रमानव असोत, बोली लावणारे प्रोग्रॅम असोत किंवा भाषा-मॉडेलवर चालणारे मदतनीस असोत. अभ्यासात ही दोन प्रकरणे बहुधा स्वतंत्र शिकवली जातात. प्रत्यक्ष प्रणाली मात्र त्यांच्या सांध्यावर मोडते, कारण रीत न जुळणे आणि दगा होणे या दोन गोष्टी दुरून सारख्याच दिसतात. हा सांधा स्वतःच्या संगणकावर कसा उभा करावा आणि कसा तपासावा, ते पुढे पायरीपायरीने दिले आहे. पायथन येत असेल तर मेसा ही लायब्ररी पुरेशी आहे. प्रोग्रॅमिंगची फारशी सवय नसेल तर युरी विलेन्स्की यांनी 1999 मध्ये आणलेले, मोफत मिळणारे नेटलोगो घ्यावे. पाच-सहा घरांचे प्रतिमान (मॉडेल) एक्सेलमध्येही चालवता येते, आणि पहिल्यांदा तसे चालवलेले बरे, म्हणजे प्रत्येक आकडा कुठून आला हे डोळ्यांना दिसते.

पहिली पायरी: फक्त रीत, विश्वास नाही

चाळीस घरे घ्या. प्रत्येक घर हा एक एजंट. त्याच्याजवळ दोनच पर्याय आहेत, रोज किंवा बॅग, आणि आपल्याला भेटलेल्या शेवटच्या पाच जोडीदारांनी काय वापरले एवढीच त्याची आठवण. सुरुवातीला प्रत्येकाची आठवण नाणेफेकीने भरा. प्रत्येक फेरीत कोणतीही दोन घरे चिठ्ठी टाकून निवडा. दोघे आपापल्या आठवणीतील बहुमताप्रमाणे पर्याय मांडतील, दोघांचा पर्याय एकच निघाला तर प्रत्येकी 1 गुण, वेगळा निघाला तर 0, आणि समोरच्याने काय मांडले ते नोंदवून सर्वांत जुनी नोंद पुसली जाईल. आठवण पाचांचीच का, तर विषम संख्येत बहुमत बरोबरीत अडकत नाही.

येथे एक पथ्य काटेकोरपणे पाळावे. कोणत्याही घराला गावाचा एकूण कल कळू देऊ नये. त्याला फक्त भेटलेला जोडीदार दिसतो. सर्वांची बेरीज करून ती सर्वांना वाटणारा चल चुकून प्रोग्रॅममध्ये राहिला, तर रीत आपोआप रुजली असे दिसते, पण ती वरून दवंडी पिटल्यामुळे रुजलेली असते. थॉमस शेलिंग यांनी 1960 मध्ये आणि डेव्हिड लुईस यांनी 1969 मध्ये जो प्रश्न मांडला, तो कोणी हुकूम न देता लोक एकाच पर्यायावर कसे येतात हाच होता. योआव शोहाम आणि मोशे टेनेनहोल्ट्झ यांनी 1990 च्या दशकात तो संगणकीय एजंटांसाठी मांडला, तोही प्रत्येकाला फक्त स्वतःचाच अनुभव माहीत आहे या अटीवर.

गावातील 90 टक्के घरांचा कल एका पर्यायाकडे झाला की रीत रुजली असे धरण्याचा प्रघात आहे. प्रत्येक घराकडून कधीमधी चूक व्हावी म्हणून 5 टक्के वेळा उलटा पर्याय मांडू द्यावा. मात्र 90 टक्क्यांची कसोटी मनातल्या कलावर लावावी, मांडलेल्या पर्यायावर नव्हे, नाहीतर चुकांमुळेच धाव (प्रतिमान सुरुवातीपासून एकदा पूर्ण चालवणे) कसोटीला उतरत नाही आणि दोष विनाकारण प्रतिमानावर येतो.

ही धाव वेगवेगळे रँडम सीड (नाणेफेक आणि चिठ्ठ्या कशा पडतील हे ठरवणारा सुरुवातीचा आकडा) देऊन शंभर वेळा चालवावी. दोन्ही पर्याय समान असल्याने साधारण निम्म्या धावांत रोज जिंकेल आणि निम्म्यांत बॅग. तसे न झाल्यास कोडमध्ये कुठेतरी पक्षपात शिरला आहे, आणि तो सापडल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरी पायरी: पर्याय असमान करणे

खऱ्या जगात दोन पर्याय क्वचितच सारखे असतात. बॅगेवर मोजले तर दिवस लांबवण्यात कोणाचा फायदा नसतो, त्यामुळे दोघांनीही बॅग धरली तर प्रत्येकी 3 गुण द्या. रोज मोजणाऱ्याजवळ माणसांची हजेरी असते, वाद झाला तरी त्याचे फारसे बुडत नाही, म्हणून समोरचा काहीही मोजो, त्याला 2 गुण द्या. बॅग धरणाऱ्यासमोर रोजवाला आला तर बॅगवाल्याला 0.

आता घर बहुमत न पाहता अपेक्षित लाभ पाहील. समोरचा बॅग धरण्याची शक्यता प असेल, तर बॅग धरण्यात 3 गुणिले प इतका लाभ आहे आणि रोज धरण्यात नक्की 2. म्हणजे प दोन-तृतीयांशाहून अधिक असेल तरच बॅग परवडते. पाचांच्या आठवणीत तीन बॅगा पुरत नाहीत, किमान चार लागतात. नाणेफेकीने भरलेल्या आठवणीत पाचपैकी चार किंवा पाच बॅगा असण्याची शक्यता 32 मध्ये 6, म्हणजे 19 टक्क्यांच्या आतच. त्यामुळे पहिल्याच फेऱ्यांत पाचपैकी चार घरे रोजाकडे झुकतात आणि अधिक लाभाची रीत जवळजवळ नेहमीच हरते. पेटन यंग यांनी, आणि स्वतंत्रपणे कांदोरी, मेलॅथ व रॉब यांनी, 1993 मध्ये हेच दाखवले: अधूनमधून चुका होत असतील तर दीर्घकाळात कमी जोखमीची रीत टिकते, ती अधिक लाभाची असेलच असे नाही.

मग बॅगेची रीत रुजवायची असेल तर किती घरांनी हट्ट धरावा? बाकी सारे गाव रोजावर असताना काही घरे कायम बॅगच मांडतील अशी करून त्यांची संख्या वाढवत न्या. यादृच्छिक भेटी धरून कागदावर गणित केले तर पहिल्या पायरीतल्या समान लाभाच्या खेळात सुमारे साडेसोळा टक्के, म्हणजे 40 पैकी 7 हट्टी घरे गाव फिरवतात. या असमान खेळात मात्र सुमारे 40 टक्के, म्हणजे 16 घरे लागतात. गाव लहान असल्याने नशिबाने थोडी कमी घरेही कधी पुरतात. सेंतोला, बेकर, ब्रॅकबिल आणि बारोन्केली यांनी 2018 मध्ये माणसांवर केलेल्या प्रयोगात हा उंबरठा 25 टक्क्यांच्या आसपास आला होता. तो आकडा अलीकडे निसर्गनियमासारखा सांगितला जातो, ते मला पटत नाही. आठवण किती लांब आहे आणि रीत मोडणाऱ्याचे किती नुकसान होते यांवर तो सरकतो, आणि किती सरकतो हे आपल्याच संगणकावर अर्ध्या दिवसात पाहता येते.

तिसरी पायरी: कोण कोणाला भेटतो

चाळीस घरांच्या दोन वस्त्या करा, वीस-वीसच्या. दहापैकी नऊ भेटी वस्तीतच होऊ द्या. पूर्वी सहज जमणारे एकमत आता रेंगाळते, आणि काही धावांत वरच्या वस्तीत एक रीत, खालच्या वस्तीत दुसरी, असे चित्र बराच काळ टिकते. सेंतोला आणि बारोन्केली यांच्या 2015 मधील प्रयोगातही असेच दिसले होते. छायाचित्रातील चेहऱ्याला नाव द्यायचे होते. जिथे कोणाचीही गाठ कोणाशीही पडत होती तिथे सर्वांचे एकच नाव ठरले, आणि जिथे ठराविक शेजाऱ्यांशीच भेट होत होती तिथे ठिकठिकाणी वेगवेगळी नावे टिकून राहिली.

चौथी पायरी: विश्वासाची खातेवही

आता रीत तात्पुरती बाजूला ठेवून तीन स्वभावांची घरे करा. सरळ घर घेतलेले काम नेहमी फेडते. अंगचोर घर दहापैकी सहा वेळा टाळते. हिशेबी घर समोरच्याने मागच्या वेळी जसे केले तसे करते. 1980 च्या सुमारास रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी भरवलेल्या संगणकीय स्पर्धांत ॲनातोल रॅपोपोर्ट यांची हीच साधी युक्ती पहिली आली होती. तिचा एक दोष आपल्या कामाचा आहे: दोन हिशेबी घरांत एकदा गैरसमज झाला की दोघेही आळीपाळीने एकमेकांचे उट्टे काढत राहतात.

विश्वास मोजण्यासाठी योसांग आणि इस्माईल यांची 2002 मधील बीटा पद्धत सोपी आणि भक्कम आहे. चांगल्या अनुभवांची संख्या चां आणि वाईटांची वा असेल, तर विश्वास म्हणजे (चां + 1) भागिले (चां + वा + 2). अनुभवच नसेल तर तो 0.5 येतो. आठ चांगले आणि दोन वाईट असतील तर 9 भागिले 12, म्हणजे 0.75.

यात विसर घातल्याशिवाय पद्धत वापरू नये. पन्नास वेळा सरळ वागलेल्या घराने नंतर सलग दगा द्यायला सुरुवात केली, तर विसर नसताना त्याचा विश्वास निम्म्याखाली यायला 51 दगे लागतात. म्हणून नवी नोंद घेण्यापूर्वी दोन्ही जुन्या आकड्यांना 0.9 ने गुणावे. मग कितीही चांगले वागले तरी चां 10 च्या पुढे जात नाही आणि विश्वास 0.92 च्या जवळ थांबतो. तिथून सलग दगे सुरू झाले तर विश्वास 0.83, 0.76, 0.69 असा उतरत सातव्या दग्याला 0.48 वर येतो. 0.8 ने गुणले तर चौथ्याच दग्याला निम्म्याखाली. सावडीसारख्या, हंगामात मोजक्याच भेटी होणाऱ्या व्यवहारात सात दगे पचवणे म्हणजे फारच झाले, त्यामुळे तिथे 0.8 घ्यावे. सेकंदाला शेकडो व्यवहार करणाऱ्या प्रोग्रॅमांना मात्र 0.99 देखील योग्य ठरू शकते, कारण तिथे एखादा अपयशी व्यवहार नेटवर्क अडखळल्यानेही होतो.

पाचवी पायरी: सांधा

येथे घाई करू नये. प्रत्यक्षात काय घडते ते आधी एका व्यवहारावर पाहू. वरच्या वस्तीवरच्या आबांच्या घरची चार माणसे बापूंच्या रानात दीड दिवस गेली, सहा रोज पडले, दोन बॅगांचे सोयाबीन काढून झाले. आबांचे रान तीन बॅगांचे. बापूंनी पाच माणसे एक दिवस पाठवली. आबांचे रान तणमुक्त आणि पीक विरळ, त्यामुळे दिवस मावळेपर्यंत पाच रोजांतच दोन बॅगा आडव्या झाल्या आणि माणसे विळे पुसून निघाली.

"बापू, आमचे सहा रोज पडले तुमच्याकडं, तुमचे पाचच झाले."

"आबा, रोजाचं काय घेऊन बसलात? दोन बॅगा काढल्या होत्या, दोन बॅगा काढून दिल्या."

कोणीही दगा दिलेला नाही. तरी आबांच्या खातेवहीत एक रोज बुडाला आणि बापूंच्या खातेवहीत फेड पूर्ण झाली. आता हीच नोंद प्रतिमानात कशी घालायची याच्या दोन पद्धती करा आणि दोन्ही स्वतंत्र चालवा.

पहिल्या पद्धतीत प्रत्येक घराकडे एकच रकाना: समाधान झाले की नाही. मोजणी जुळली नाही तर ती नोंद सरळ वाईट अनुभवात जाते. दुसऱ्या पद्धतीत तीन रकाने: माणसे आली का, त्यांच्या मोजणीने ठरलेले काम पुरे झाले का, आणि मोजणी आपल्याशी जुळली का. विश्वास फक्त पहिल्या दोन रकान्यांवर बदलतो. तिसरा रकाना रीतीच्या आठवणीत जातो.

यानंतर भेटी चिठ्ठीने ठरवणे थांबवून जोडीदाराची निवड विश्वासाच्या प्रमाणात होऊ द्या. पहिल्या पद्धतीत पुढील साखळी सुरू होते. वेगळी रीत असलेल्याशी व्यवहार झाला की विश्वास घटतो, विश्वास घटला की भेटी कमी होतात, भेटी कमी झाल्या की आठवणीत आपल्याच रीतीचे लोक उरतात, आणि रीत अधिक घट्ट होते. अंगचोर घर एकही नसले तरी गाव दोन तटांत विभागते, आणि प्रत्येक तटाला दुसरा तट बेइमान वाटतो. पेटर होल्मे आणि मार्क न्यूमन यांनी 2006 मध्ये मत आणि संबंध एकत्र बदलणाऱ्या जाळ्यांचा अभ्यास मांडला, त्यातही संबंध तोडणे मत बदलण्यापेक्षा सोपे झाले की समाजाचे एकेका मताचे तुकडे होतात असे आढळले होते. हिशेबी घरे मिसळली तर प्रकरण आणखी चिघळते, कारण न जुळलेल्या मोजणीला ती पुढच्या वेळी खऱ्या दग्याने उत्तर देतात आणि मग खातेवहीतील खोटी नोंद खरी होऊन बसते.

दुसऱ्या पद्धतीत अंगचोर वेगळे पडतात, पण सरळ घरे वेगळ्या रीतीच्या सरळ घरांना भेटत राहतात, आणि म्हणूनच रीत एकीकडे सरकायला वाव राहतो. तुम्ही कोणतीही बहु-एजंट प्रणाली बांधत असाल, तर हे तीन रकाने पहिल्याच दिवशी ठेवावेत. नंतर जुन्या नोंदी वेगळ्या करता येत नाहीत.

निवडीबाबत एक सूचना. नेहमी सर्वाधिक विश्वासाचाच जोडीदार घेतला तर दोन्ही पद्धतींत गाव आकसते. दहा भेटींपैकी एक भेट विश्वास न पाहता होऊ द्यावी. ही एक भेट महाग वाटते, पण ज्याच्याबद्दलचे मत जुने झाले आहे त्याची नवी नोंद मिळण्याचा तेवढाच मार्ग उरतो.

सहावी पायरी: ऐकीव माहिती

चाळीस घरांत प्रत्येकाचा प्रत्येकाशी अनुभव नसतो, म्हणून साक्ष घ्यावी लागते. साक्षीदाराने सांगितलेले चांगले-वाईट आकडे थेट बेरजेत न मिळवता, साक्षीदार म्हणून त्याच्यावर जेवढा भरवसा आहे तेवढ्याने गुणून मिळवावेत. सहा चांगले, दोन वाईट अशी साक्ष निम्म्या भरवशाने घेतली तर तीन आणि एक धरायचे. विश्वास 0.70 ऐवजी 0.67 येतो, म्हणजे अर्धवट भरवशाची साक्ष आपोआप 0.5 कडे झुकते. हा गुण या पद्धतीत जवळजवळ फुकट मिळतो.

साक्षीचा भरवसा आणि कामाचा विश्वास हे मात्र कधीही एक करू नयेत. रानात जीव तोडून राबणारा माणूस भावकीबद्दल विचारले की गुळमुळीत बोलतो, हे आपल्याला माहीत आहे. प्रतिमानातल्या एजंटालाही ते माहीत असावे. दुसरे, एकच घटना चार चुलतभावांकडून ऐकली तर ती चार घटना होत नाही. प्रत्येक नोंदीला फेरीचा क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सोडून द्यावा. 2003 मध्ये स्टॅनफर्डमधून आलेल्या आयगनट्रस्ट पद्धतीत साक्षीला साक्षीदाराच्या स्वतःच्या विश्वासार्हतेप्रमाणे वजन मिळते, आणि एकमेकांची भलामण करणाऱ्या टोळीला रोखण्यासाठी आधीपासून विश्वासार्ह मानलेले काही घटक धरावे लागतात. असा आधार नसेल तर, जॉन डूसर यांनी 2002 मध्ये दाखवल्याप्रमाणे, एकटाच माणूस अनेक खोट्या ओळखी उभ्या करून कोणतीही लोकशाही मोजणी फिरवू शकतो.

नव्या येणाऱ्याला 0.5 द्यायचे का, हा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. ज्याचा विश्वास 0.2 वर आला आहे त्याला नाव बदलून 0.5 मिळत असेल तर तो बदलणारच. सुरुवातीचा विश्वास 0.25 ठेवायचा असेल तर सूत्रातील वरचा 1 तसाच ठेवून खालचा 2 चा 4 करावा. पण मग खऱ्या नवख्याला कोणी विचारत नाही. गावात यावर तोडगा आहे: नव्या घराने आधी येऊन राबायचे, मग त्याच्याकडे जायचे. प्रतिमानात पहिल्या दोन व्यवहारांसाठी हाच क्रम बंधनकारक करावा. फ्रीडमन आणि रेझनिक यांनी 2001 मध्ये स्वस्त टोपणनावांची किंमत मांडताना नवख्यांनी सुरुवातीला काहीतरी झीज सोसणे अटळ आहे अशाच निष्कर्षापर्यंत मजल मारली होती.

सातवी पायरी: चालवणे आणि वाचणे

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक मांडणीच्या किमान शंभर धावा घ्याव्यात. प्रत्येक धावेचे सीड जपून ठेवावे. सरासरीवर समाधान मानू नये, कारण निम्म्या धावांत गाव एकमताचे आणि निम्म्यांत दुभंगलेले असेल तर सरासरी असे गाव दाखवते जे एकाही धावेत नव्हते. त्याऐवजी तीन आकडे प्रत्येक धावेसाठी वेगळे लिहावेत: बहुसंख्य रीतीचा वाटा, वेगळ्या रीतीच्या घरांमधील सरासरी विश्वास, आणि सरळ असूनही 0.5 च्या खाली ढकललेल्या घरांची संख्या. मला विचाराल तर तिसरा आकडा सर्वांत बोलका आहे, आणि नेमका तोच आलेखांत क्वचित आढळतो.

हे सारे भाषा-मॉडेलवर चालणाऱ्या एजंटांना लावायचे असेल तर आणखी एक काम वाढते. ॲशरी, आयेल्लो आणि बारोन्केली यांनी 2025 मध्ये दाखवले की असे एजंट जोडीजोडीने भेटत गेले तर त्यांच्यातही वरून न सांगता एकच रीत रुजते, आणि एकेकटा एजंट निःपक्षपाती दिसत असला तरी समूहाचा कल एका बाजूला झुकू शकतो. तेव्हा आधी प्रत्येक एजंटला एकट्याने, कोणतीही आठवण न देता, दोन पर्यायांपैकी एक निवडायला अनेकदा लावून त्याचा मूळ कल नोंदवावा. मग समूहाच्या निम्म्या धावांत पर्यायांची नावे अदलाबदल करावीत आणि सूचनेत ती लिहिण्याचा क्रमही उलटावा. अदलाबदलीनंतर तेच नाव जिंकत राहिले तर मॉडेलला त्या नावाची किंवा त्या जागेची आवड आहे. नाव बदलूनही तीच मोजणी जिंकत राहिली, तरच लाभाच्या तक्त्याबद्दल काही निष्कर्ष काढावा.